पंचवीस रुपये दंडाची प्रेमकथा

दिवाळी अंक हा एकट्याने वाचायचा प्रकार नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी घरात हा अंक फराळाच्या ताटासारखा चारचौघांच्या मधोमध ठेवलेला असतो. आजोबा राशिभविष्य पाहतात, मुले व्यंगचित्रे पाहतात, सूनबाई कथा वाचतात. आणि दुपारी सगळी निजानीज झाली की ज्याला जे हवे ते तो हळूच शोधून काढतो. ही सोय मोठी आहे. पण १९६२ साली याच सोयीपायी एका लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले.

त्या वर्षीच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही गोष्ट आली. लांबलेली कथा म्हणा, आटोपशीर कादंबरी म्हणा. निशिकांत नावाचा एक कवी, आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा या तिघी. पुण्याच्या एका गृहस्थांनी अंक वाचला. त्यातले बरेच काही त्यांना खटकले आणि ‘श्यामा’तली काही पाने तर फारच खटकली. त्यांनी भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमाखाली फिर्याद गुदरली. मुद्रक-प्रकाशक, लेखक आणि अंक विकणारा असे तिघे आरोपी झाले.

पुढे काय झाले ते मोठे वाचनीय आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सगळे तपासून तिघांनाही निर्दोष सोडले. फिर्यादी आणि सरकार अपिलात गेले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने विक्रेत्याची सुटका कायम ठेवली, पण लेखक आणि प्रकाशक यांना दोषी ठरवले, प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि त्यांच्या ताब्यात असतील त्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे २५ ऑगस्ट १९६९ रोजी न्यायमूर्ती जगन्मोहन रेड्डी यांनी निकाल दिला आणि काकोडकर सुटले. म्हणजे पंचवीस रुपयांसाठी सात वर्षे! पण प्रश्न पंचवीस रुपयांचा नव्हताच. ‘अश्लील लेखक’ हा शिक्का कपाळी घेऊन पुढची पुस्तके लिहायची की नाही, हा होता.

मला या हकिकतीत एका गोष्टीची गंमत वाटते. पाने तीच, अक्षरे तीच. एका न्यायासनाला ती निर्दोष वाटली, दुसऱ्याला दोषी वाटली, तिसऱ्याला पुन्हा निर्दोष. आमच्या नाशिकच्या वाचक मंडळात एका कादंबरीवरून जसे मतभेद होतात तसेच हे झाले. फरक इतकाच, की आमच्याकडे मतभेद झाले तर चहा जास्त लागतो, दंड कुणाला होत नाही.

आणि सुटका तरी कशी झाली पाहा. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की गोष्ट काही उच्च दर्जाचे साहित्य नाही. ती अपरिपक्व आणि नीरस असेल, कदाचित अभिरुचीलाही सोडून असेल. पण समग्र वाचली तर तिने वाचणाऱ्याची नीती बिघडेल असे त्यात काही नाही. शिवाय समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत, आणि स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता असे धरले तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज दुसरे काही विकताच यायचे नाही, असेही त्यांनी सांगितले. हे शेवटचे अगदी मान्य. पण मीही दोनचार कादंबऱ्या लिहिलेली बाई आहे. ‘तुझे लिखाण कुणाला बिघडवील इतके जोरकस नाही, जा, सुटलीस’ असे कुणी मला सांगितले असते तर मी पंचवीस रुपये मुकाट्याने भरले असते, असे मला कधीकधी वाटते.

न्यायालयाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न ‘गोष्ट चांगली आहे का’ हा नव्हताच; ‘गुन्हा आहे का’ हा होता. तरीही त्यांनी जाता जाता रसग्रहणाचे चार शब्द टाकले, आणि दुर्दैव असे, की शृंगारिक लोकप्रिय कादंबरीविषयी मराठीत गंभीरपणे बोललेले असे फार थोडे माझ्या पाहण्यात आहे, त्यात हे चार शब्द मोडतात! टीकाकार या पुस्तकांकडे पाहतच नाहीत. खप हजारोंचा, वाचनालयात पाने फाटेपर्यंत फिरलेली, आणि परीक्षण मात्र एक नाही. पुस्तकावर एकतर खटला व्हायचा, नाहीतर मौन. मधली जागा, जिथे ‘बाई गं, हे इथे जमले आहे आणि तिथे फसले आहे’ असे कुणी लेखकाला सांगायचे असते, ती रिकामीच.

याच सुमारास मुंबईच्या रणजित उदेशी या पुस्तकविक्रेत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दुकानात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ठेवल्याचा गुन्हा. डी. एच. लॉरेन्ससारख्या मोठ्या लेखकाचे पुस्तक. पण १९६४ साली निकाल विरुद्ध गेला, आणि दंड झाला वीस रुपये. म्हणजे उच्च न्यायालयाच्या हिशेबाने आमच्या काकोडकरांचा शृंगार लॉरेन्सपेक्षा पाच रुपयांनी सरस ठरतो. लेखकाने कुठे ना कुठे समाधान मानायचे असते.

या खटल्यात जे माप लावले ते इंग्लंडातून आलेले, १८६८ सालचे. लिखाण कुणाच्या हाती पडण्यासारखे आहे आणि त्यांची मने सहज बिघडण्यासारखी आहेत का, असे पाहायचे. इंग्लंडात १९६० साली याच ‘लेडी चॅटर्ली’वर खटला चालला तेव्हा सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारले होते, की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकराने वाचलेले तुम्हाला चालेल का? ज्यूरीत बायकाही बसल्या होत्या. प्रकाशक सुटला. पण त्या प्रश्नातली गोम लक्षात घ्या. ‘मी वाचले तर मला काही होणार नाही, मला काळजी तिची आहे.’ ज्याला ज्याला म्हणून पुस्तक अश्लील वाटते, त्याला ते नेहमी दुसऱ्या कुणासाठी अश्लील वाटते. बायकोसाठी, मोलकरणीसाठी, धाकट्या बहिणीसाठी, शाळेतल्या पोरीसाठी. आपल्या मुलुखात ही यादी बहुतेक वेळा स्त्रीलिंगीच असते.

शाळेतली पोर म्हटले की मला बोलणे भाग आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. चित्रकलेची पदविका घेतली आणि तिच्या जोरावर गेली वीसएक वर्षे मी मुलांच्या हाती रंग देते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण मुलगी अजून तिथेच आहे. मागच्या वर्षी दहावीतल्या एका मुलीच्या दप्तरात एक अलीकडची प्रेमकादंबरी सापडली. नायक डॉक्टर, नायिका परिचारिका, मध्ये महाबळेश्वर आणि पाऊस. हिचेही नाव मी देत नाही. लेखिका नवी आहे, आणि एका परीक्षणात तिला बोल लावायचा आणि तिची बाजू ऐकायची नाही, हे मला बरे वाटत नाही. पुस्तक मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर गेले. वडिलांना बोलवायचे ठरत होते. वडिलांचा स्वभाव आम्हाला ठाऊक होता. त्यांना बोलावणे म्हणजे परीक्षेआधीच शाळा बंद आणि पाठोपाठ स्थळे पाहणे, हे शिपाईसुद्धा सांगू शकला असता. तेव्हा बाई मला म्हणाल्या, ‘तुम्ही कादंबऱ्या लिहिता. वाचून सांगा, किती वाईट आहे ते.’

किती वाईट आहे! चकलीचे तेल किती कडले आहे ते पाहावे तसे. मी ती एका रात्रीत वाचली आणि मग, माझ्या एकटीच्या मताचा भरवसा कशाला धरा म्हणून, दुसरी प्रत मिळवून आमच्या मंडळात फिरवली.

आमचे हे मंडळ पंचवटीत भरते. नाशिकला वाचनाची सवय जुनी. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे, त्यामुळे पुस्तकावर मत देण्याचा आपला हक्क वडिलोपार्जित आहे असे इथे प्रत्येकाला वाटते. मंडळात आम्ही आठनऊ बायका आणि एक वकीलकाका. महिनाभराने सगळे जमले. त्या दिवशीची मते मी वहीत टिपून ठेवली आहेत.

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्यात सगळ्यांत वडील. त्या म्हणाल्या, ‘यात लपवून वाचण्यासारखे काय आहे? आम्ही फडके तांदळाच्या डब्यात लपवीत होतो. फडक्यांची नायिका नुसती पदर सावरून वळली तरी आमच्या छातीत धडधड होई. इथे सगळेच उघडे ठेवले आहे आणि धडधड मात्र नाही.’ मला हे परीक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या परीक्षणाहून नेमके वाटले. ना. सी. फडक्यांवर तंत्राच्या आहारी गेल्याचा आरोप कितीही झाला असो, कुठे थांबायचे हे त्यांना कळत होते. वाचणाऱ्याच्या कल्पनेला काम ठेवायचे असते, हे तंत्रच आहे.

माझ्या जाऊबाईंना शृंगार पसंत पडला आणि बाकीचे पडले नाही. ‘या घरात भांडी कोण घासते?’ असा त्यांचा प्रश्न होता. सव्वादोनशे पानांत नायिका एकदाही स्वयंपाकघरात दिसत नाही, तिला एकदाही पाळी येत नाही, महिन्याचा पगार कुठे जातो ते कळत नाही. आणि शेवटच्या प्रकरणात ती आनंदाने नोकरी सोडते. ‘एवढी चांगली कायम नोकरी!’ जाऊबाई हळहळल्या. प्रेमभंगाला त्या इतक्या हळहळल्या नव्हत्या.

आमच्यात एक खरीखुरी परिचारिका आहे, तिशीच्या आतली. सगळ्यांना वाटले ही आता पुस्तकाची चिरफाड करणार. ती म्हणाली, ‘रात्रपाळीत डॉक्टरला इतका वेळ असतो हे खोटे आहे. गणवेशाचे वर्णन खोटे आहे. पण मी दोनदा वाचली. बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला पुन्हा थकलेल्या माणसांच्याच गोष्टी कशाला वाचायच्या, ताई?’ यावर आमच्यातल्या दोघी प्राध्यापिका काही बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. मला स्वतःला हा मुद्दा कधीच खोडता आलेला नाही. करमणूक हा शब्द आपण टीकेत शिवीसारखा वापरतो. ज्याचे श्रम कमी त्याला ते परवडते.

वकीलकाकांनी ‘श्यामा’च्या निकालाचा दाखला देऊन सांगितले, की पुस्तक समग्र वाचावे, सुटी पाने काढून वाचू नये. ‘तुम्ही समग्र वाचलेत का?’ असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘मंडळाची प्रत हाती घेतली की आपोआप एकाच जागी उघडते. मी तिथून सुरुवात केली.’ पुष्कळ हशा झाला. पण या विनोदातच माझा पुढचा सगळा मुद्दा आहे.

ती आपोआप उघडणारी जागा म्हणजे नववे प्रकरण. याच पानांवर शाळेत बोट ठेवले गेले होते. महाबळेश्वरच्या खोलीत नायिका आहे, बाहेर पाऊस आहे, नायक दारात उभा आहे. तो आत येत नाही. तिला विचारतो. ती लगेच उत्तर देत नाही, आणि तो थांबतो. मग ती हो म्हणते, आणि पुढची चार पाने चांगलीच गरम आहेत. ते मी नाकारीत नाही. शब्दांची निवड भडक आहे, उपमा बाजारातल्या आहेत, एका वाक्यात तर वीज दोनदा चमकते. तरीही त्या चार पानांत नायिका जिवंत आहे. तिला काय हवे ते तिला कळते आणि ते ती सांगते. मग हात पुढे कुणाचा होतो? तिचा.

आता चौदावे प्रकरण. इथे शृंगार नाही. भांडण आहे. नायकाला संशय आला आहे. तो खोलीचे दार आतून लावून घेतो, तिच्या मुस्कटात देतो, मग तिला जवळ ओढतो. आणि लेखिका आपल्याला सांगते की नायिकेला त्या क्षणी त्याच्या प्रेमाची खोली उमगली. अडीच पाने. एकही शब्द असा नाही की ज्यावर कुठल्या फिर्यादीने तांबडी पेन्सिल चालवावी. शाळेत कुणाला ही पाने दिसली नाहीत. मंडळातही पहिल्या अर्ध्या तासात कुणी त्यांचे नाव काढले नाही. प्रत तिथे उघडत नाही ना!

माझ्या मते या कादंबरीत अश्लील काही असेल तर ते चौदाव्या प्रकरणात आहे. आणि टीकाकार म्हणून माझी तक्रार लेखिकेशी अशी, की नवव्या प्रकरणात तिला जे सत्य गवसले होते ते तिने पाच प्रकरणांनंतर साच्यासाठी विकून टाकले. साचा सांगतो, की शेवटाआधी एक वादळ हवे. नायक कठोर हवा. नायिकेने सोसायला हवे. दारात थांबलेला तो माणूस चौदाव्या प्रकरणात दार लावून घेणारा कसा झाला, याचे एक ओळीचेही स्पष्टीकरण नाही. तो बदलला असता तर ती एक वेगळी, भयंकर आणि चांगली कादंबरी झाली असती. इथे तो बदललेला नाही, असेच आपण समजायचे आहे. हे पात्ररचनेतले अपयश आहे, आणि नीतीचा प्रश्न त्याच्या पोटातून निघतो, बाहेरून लावावा लागत नाही.

यावर सासूबाई आणि माझे जुंपले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या म्हणाल्या, ‘तू ते चौदावे धरून बसलीस. माझ्या लग्नात मला कुणी म्हणजे कुणी विचारले नव्हते. या पुस्तकात एकदा तरी कुणी विचारतो आहे. मला पुस्तक आवडले.’ मी म्हटले, ‘पण नंतर मारतो, आई.’ त्या म्हणाल्या, ‘मारणारे मी पुष्कळ पाहिले. विचारणारा पाहिला नव्हता.’ मी निरुत्तर झाले असे नाही, पण चहा करायला उठले.

काकोडकरांकडे परत जाऊ. ‘श्यामा’चे नाव तिचे आहे, पण गोष्ट निशिकांताची आहे. तीन स्त्रिया एका कवीच्या हृदयाभोवती मांडलेल्या. माझा आक्षेप घ्यायचा तर या मांडणीला आहे. त्यातल्या आलिंगनांना नाही. आणि तरीही काकोडकरांना नुसता ‘चावट लेखक’ म्हणून झटकणे मला अन्यायाचे वाटते. ज्या १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले त्याच वर्षाच्या शेवटी ‘दो रास्ते’ हा चित्रपट आला. बलराज सहानी, राजेश खन्ना, मुमताज. एकत्र कुटुंबाची, भावाभावांची गोष्ट. आजही घरोघरी आयाबाया डोळे पुसत पाहतात. तो काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून घेतलेला. पुढे १९७८ साली आलेला ‘मैं तुलसी तेरे आंगन की’, ज्यात नूतनने कमाल केली, तोही काकोडकरांच्याच ‘अशी तुझी प्रीत’वरून. ज्या हाताने वाचकाची नीती बिघडेल अशी भीती होती, त्याच हाताच्या गोष्टींनी आख्ख्या देशाला सहकुटुंब थिएटरात नेऊन बसवले. मग तो वाचक कोण, जो बिघडणार होता? ‘रंभा’ घेणारा आणि ‘दो रास्ते’चे तिकीट काढणारा माणूस बहुधा एकच असेल.

आणि खरा क्षोभ मराठीत कशाने झाला हे पाहायचे असेल तर मागे १९३३ सालात जावे लागेल. विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले. त्यात महाबळेश्वर नाही, पाऊस नाही, आलिंगने तर जवळजवळ नाहीतच. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुली आपल्या मनाचे साध्या आवाजात बोलतात, इतकेच. त्यावर महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! निषेध झाले, सभा झाल्या, आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. या पुस्तकाने काय बिघडवले? तर एक समजूत बिघडवली, की घराला पगार आणून देणाऱ्या मुलीला स्वतःला काही नको असते. पुरुष लेखकाने नायिकेच्या देहाचे वर्णन केले तर लोक नाके मुरडतात आणि अंक विकत घेतात. बाईने आपल्याला काय हवे ते सांगितले तर सभा भरवतात. र. धों. कर्व्यांचा अनुभव याच जातीचा. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ साली खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, तरी खटला हरला. शृंगार माफ होतो. माहिती आणि इच्छा माफ व्हायला वेळ लागतो.

बंगालची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. त्यांचा पूजा अंक म्हणजे आपला दिवाळी अंकच. १९६७ साली ‘देश’च्या शारदीय अंकात समरेश बसूंची ‘प्रजापति’ कादंबरी आली. फिर्याद झाली, शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला सोडले. अठरा वर्षे! त्या खटल्यात बुद्धदेव बसूंसारखा मोठा कवी लेखकाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. आणि निकालात दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, ग्राम्य आणि अश्लील यांत फरक आहे. भाषेने किळस येईल, पण म्हणून मन बिघडतेच असे नाही. दुसरी मला फार आवडते. न्यायाधीशाने आधी स्वतःला लेखकाच्या जागी ठेवून त्याला काय सांगायचे होते ते समजून घ्यावे, आणि मग निरनिराळ्या वयांच्या वाचकांच्या जागी ठेवून पाहावे. हे न्यायाधीशासाठी सांगितले आहे. माझ्या ओळखीच्या किती टीकाकारांनी ते पाळले आहे?

कायदाही थोडा हलला. काकोडकर सुटले त्याच १९६९ सालात २९२ व्या कलमात दुरुस्ती होऊन, साहित्य, कला, विज्ञान यांच्या दृष्टीने लोकहिताचे लिखाण असेल तर सूट मिळू लागली. एका हाताने सूट देताना दुसऱ्या हाताने शिक्षा मात्र तीन महिन्यांवरून दोन वर्षांपर्यंत वाढवली. २०१४ साली ते १८६८ चे इंग्रजी माप सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवले. आणि १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधानच गेले. आता न्याय संहितेचे २९४ वे कलम आहे. आकडा दोनाने वाढला, मजकूर ओळखीचाच आहे.

मुलीच्या कादंबरीबद्दल मी मुख्याध्यापिकाबाईंना दीड पानी अभिप्राय लिहून दिला. नववे प्रकरण दहावीच्या मुलीने वाचले तर मला चिंता वाटत नाही, चौदावे वाचले तर वाटते, आणि ते वाचलेच आहे तेव्हा तिच्याशी कुणीतरी बोलावे, वडिलांनी नव्हे. असे त्यात होते. बाईंनी तो दोनदा वाचला. ‘पण वाईट पाने तर नवव्यात आहेत ना?’ त्यांनी विचारले. मी पुस्तक उघडून चौदावे प्रकरण त्यांच्यापुढे ठेवले. त्या वाचत असताना मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी त्या उठल्या नाहीत. वडिलांना बोलावले नाही.

बोलायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. चित्रकलेच्या तासानंतर मी तिला थांबवून घेतले. ती घाबरलेली होती, आणि मीही फार धीट होते असे नाही. या विषयावर बोलायचे कसे ते आम्हाला कुठल्या पदविकेत शिकवलेले नाही. तिच्या प्रतीत एकाच वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. ती रेघ गरम पानांत नव्हती. तो दारात उभा राहून विचारतो, त्या वाक्याखाली होती. मी तिला विचारले, हेच का? ती बराच वेळ ब्रश धूत राहिली. मग म्हणाली, ‘बाई, असं खरंच विचारतात का?’

मी तिला जे खरे वाटते ते सांगितले. काही विचारतात, आणि जो विचारत नाही त्याला नाही म्हणता येते. चौदाव्या प्रकरणावर आम्ही नंतर दोन तास बोललो, एका दिवशी नव्हे, तुकड्यातुकड्यांनी. तिचे मत माझ्याहून वेगळे आहे. तिला वाटते की लेखिकेने ते प्रकरण घाईत लिहिले, आणि नायिकेने त्या रात्री खोली सोडून वसतिगृहात परत जायला हवे होते; मग शेवट काय झाला असता, तेही तिने मला सांगितले. तो शेवट पुस्तकातल्या शेवटापेक्षा बरा आहे. पुस्तक अजून कपाटात कुलपात आहे. मार्चमध्ये तिची परीक्षा झाली, आणि निकालानंतर ते परत मागायला ती आली तेव्हा मुख्याध्यापिकाबाई रजेवर होत्या व किल्ली त्यांच्याकडे होती. मी तिला माझ्याकडची ‘कळ्यांचे निःश्वास’ची प्रत वाचायला दिली आहे. तिला ती कंटाळवाणी वाटते आहे, असा निरोप आहे. पण अर्धी झाली आहे.